मोटारगाडी भंगार केव्हा होते? : काही देशांच्या कायद्यांतील शब्दविचार

मोटारगाडीच्या आयुष्याचा आरंभ निश्चितपणे सांगता येतो. ती कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा तिच्या चासीवर क्रमांक ठोकलेला असतो; पुढे परिवहन कार्यालयाच्या नोंदवहीत तिची नोंद होते व त्या नोंदीस दिनांकही असतो. तिच्या आयुष्याचा शेवट मात्र असा बोट ठेवून दाखविता येत नाही. अपघातात चेपलेली गाडी काही महिन्यांनी रंगरंगोटी होऊन पुन्हा रस्त्यावर धावू लागते; उलट एखादी धडधाकट गाडी वारसांच्या भांडणापायी वाड्याच्या अंगणात वर्षानुवर्षे उभी राहते आणि तिच्या चाकांभोवती गवत माजते. ह्यांपैकी कोणती गाडी संपली व कोणती संपली नाही, हे नुसते गाडीकडे पाहून ठरत नाही. गेल्या पन्नास वर्षांत ज्या ज्या देशांनी जुन्या गाड्यांच्या विल्हेवाटीविषयी कायदे केले, त्या सर्वांना प्रथम ह्याच प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले; आणि ते उत्तर त्यांनी यंत्रशास्त्राच्या परिभाषेत न देता बहुधा एखाद्या क्रियापदाच्या किंवा नामाच्या अर्थावर सोपविले. त्या अर्थाच्या कक्षेत गाडी येते की नाही, ह्यावर ती कोठे जाईल, तिला कोण मोडील, तिच्यातील तेल व शिसे कोणाच्या जमिनीत मुरेल, हे अवलंबून असते. म्हणून हा विषय केवळ अभियंत्यांचा व कायदेपंडितांचा नसून शब्दार्थाचा विचार करणाऱ्यांचाही आहे.

आरंभी मराठीतील शब्दांकडे पाहणे सोयीचे होईल, कारण ते ह्या प्रश्नाची मांडणी फार स्पष्टपणे करतात. 'गाडी' हे नाम मोजता येते: एक गाडी, दोन गाड्या. 'भंगार' हे नाम मोजता येत नाही. 'दोन भंगारे' असे कोणी म्हणत नाही. 'दोन मण भंगार', 'दोन टन भंगार' असे म्हणतात. व्याकरणकार ज्यांना पदार्थवाचक नामे म्हणतात त्या पीठ, पाणी, वाळू, तांबे ह्यांच्या पंक्तीत 'भंगार' बसते. तेव्हा गाडी भंगारात जाते म्हणजे एक वस्तू मोजल्या जाणाऱ्या नामांच्या वर्गातून तोलल्या जाणाऱ्या नामांच्या वर्गात जाते. बाजारातील लोकांनी हा भेद व्याकरण न शिकता अचूक पकडला आहे. मोडलेल्या गाडीचा जो भाग पुन्हा वापरता येतो तो 'नगावर' विकला जातो आणि जो येत नाही तो 'वजनावर'. दाराची काच, डायनामो, चालू स्थितीतील गिअरपेटी हे नगावर. वाकलेला पत्रा वजनावर. जुनी भांडी 'मोडीत' घालून नवी घेण्याची जी रीत घरोघर होती तिच्यातही हेच तत्त्व आहे. तांब्याचा हंडा मोडीत गेला की तो हंडा राहत नाही, तितके शेर तांबे उरते.

ह्याहून निराळा असा एक शब्द शासकीय मराठीत आहे, तो 'निर्लेखन'. कार्यालयाचे जुने वाहन वापरातून काढावयाचे झाले की त्याचे निर्लेखन होते, म्हणजे लेखातून, नोंदवहीतून ते काढून टाकले जाते. 'मोडणे' ही क्रिया वस्तूवर घडते. 'निर्लेखन' ही क्रिया कागदावर घडते. ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन ह्यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत, जी विधाने एखादी गोष्ट सांगत नसून ती गोष्ट घडवून आणतात अशा विधानांचे विवेचन केले होते. निर्लेखनाचा आदेश त्याच जातीचा आहे. तो सही होताच खरा होतो, मग गाडी आवारात जशीच्या तशी उभी का असेना.

ह्या दोन क्रिया एकाच वेळी घडल्या तर काहीच अडचण नाही. अडचण त्यांच्यामधील अंतरात आहे. गाडी मोडली पण नोंद राहिली, तर एक क्रमांक मालकावाचून शिल्लक राहतो आणि तो चोरीच्या गाडीस चिकटविता येतो. नोंद काढली पण गाडी मोडली नाही, तर कागदावर नसलेली एक गाडी जगात वावरत राहते. वाहनांच्या विल्हेवाटीचे देशोदेशींचे कायदे वाचताना हे अंतर बुजविण्याची धडपडच निरनिराळ्या रूपांत आढळते.

हे अंतर राहण्यात कोणाचा लाभ असतो, हे कळण्यासाठी गाडीच्या अंतरंगाचा थोडा हिशेब पाहिला पाहिजे. सामान्य गाडीच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग धातूंचा असतो व त्यास चांगली किंमत येते. धूर शुद्ध करणाऱ्या नळकांड्यात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम ह्या मौल्यवान धातूंचा अंश असतो. उरलेला भाग प्लॅस्टिक, रबर, काच, फेस व कापड ह्यांचा. शिवाय बॅटरीतील शिसे व आम्ल, यंत्रातील तेल, ब्रेकचे द्रव, वातानुकूलनाचा वायू आणि अपघातप्रसंगी फुगणाऱ्या उशांतील स्फोटक द्रव्य ही सारी काळजीपूर्वक काढावी लागतात. नियमाने चालणारा कारखाना प्रथम ही द्रव्ये काढतो, मग विकण्याजोगे भाग उतरवितो, आणि उरलेला सांगाडा प्रचंड हातोड्यांच्या यंत्रात घालून त्याचे मुठीएवढे तुकडे करतो. लोहचुंबक लोखंड ओढून घेतो, अन्य धातू दुसऱ्या रीतीने वेगळे होतात, आणि शेवटी धुळीसारखा, चिंध्यांसारखा एक ढीग उरतो. ह्या ढिगास किंमत नाही. उलट तो पुरण्यास वा जाळण्यास पैसा पडतो. म्हणजे एकाच गाडीत मिळकत व खर्च ही दोन्ही आहेत. जो मिळकत घेतो आणि खर्च गटारात सोडून देतो, तो गाडीच्या मालकास नियमाने चालणाऱ्या कारखानदारापेक्षा अधिक पैसे देऊ शकतो. कायदा मोडणारास बाजारातच असे बक्षीस मिळत असल्यामुळे शब्दांची व्याख्या हा येथे नुसता पांडित्याचा विषय राहत नाही.

यूरोपातील कायदा हा ह्या दृष्टीने अभ्यासनीय आहे, कारण तो अनेक भाषांत एकाच वेळी लिहिला जातो आणि प्रत्येक भाषेतील पाठ सारखाच अधिकृत मानला जातो. तेथील समुदायाने १९७५ साली कचऱ्याविषयी पहिला निर्देश काढला. त्याच्या इंग्रजी पाठात, धारक जी वस्तू 'डिस्पोज ऑफ' करतो ती कचरा, अशी व्याख्या होती. परंतु इंग्रजीत 'डिस्पोज ऑफ' म्हणजे टाकून देणे आणि विकून टाकणे हेही. घर विकणारा मनुष्यही घर 'डिस्पोज ऑफ' करतो. फ्रेंच पाठातील क्रियापद 'स देफेर' होते. एखाद्या वस्तूपासून स्वतःस मोकळे करून घेणे, असा त्याचा भाव. जर्मनमधील 'झिख एंटलेडिगेन' हेही त्याच वळणाचे. इटलीने स्वतःच्या १९८२ च्या कायद्यात मात्र 'त्यागलेली किंवा त्यागण्यासाठी ठेवलेली' वस्तू असे म्हटले. आता भंगारवाल्याला विकलेली गाडी त्यागलेली म्हणावयाची काय? तिचे तर पैसे आले! इटलीतून हाच मुद्दा यूरोपीय न्यायालयापुढे गेला आणि १९९० साली न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या वस्तूचा आर्थिक दृष्ट्या पुन्हा उपयोग होऊ शकतो तीही कचऱ्याच्या व्याख्येतून सुटत नाही. पुढच्याच वर्षी इंग्रजी पाठातील क्रियापद बदलून 'डिस्कार्ड' करण्यात आले आणि व्याख्येत हेतूचाही समावेश झाला: धारक जी टाकतो, टाकू इच्छितो, किंवा जी टाकणे त्यास भाग आहे, अशी वस्तू. १९९७ साली त्याच न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की कचरा ह्या संज्ञेची व्याप्ती 'डिस्कार्ड' ह्या शब्दाच्या अर्थावर अवलंबून आहे.

जुन्या गाड्यांविषयीचा यूरोपीय संघाचा निर्देश १८ सप्टेंबर २००० रोजी संमत झाला. त्याने 'आयुष्य संपलेले वाहन' अशी संज्ञा वापरली खरी, परंतु तिची स्वतंत्र व्याख्या केली नाही. जे वाहन १९७५ च्या निर्देशाच्या अर्थाने कचरा आहे ते आयुष्य संपलेले वाहन, एवढेच म्हटले. म्हणजे सारी इमारत पुन्हा त्या एका क्रियापदावर उभी राहिली. बाकीच्या बाबतींत हा निर्देश पुष्कळ काटेकोर आहे. गाडीच्या वजनापैकी ८५ टक्के भागाचा पुनर्वापर वा अन्य उपयोग २००६ पर्यंत, आणि ९५ टक्क्यांचा २०१५ पर्यंत व्हावा. शिसे, पारा, कॅडमियम व एका विशिष्ट रूपातील क्रोमियम ही द्रव्ये काही अपवाद सोडून १ जुलै २००३ नंतर बाजारात येणाऱ्या गाड्यांत नसावीत. शेवटच्या मालकास गाडी देताना खर्च पडू नये. आणि नष्ट केल्याचे प्रमाणपत्र दाखविल्याखेरीज भंगारात गेलेल्या गाडीची नोंद रद्द होऊ नये. ह्या शेवटच्या अटीने मोड व निर्लेखन ही एकत्र बांधली गेली.

तरीही गाड्या निसटतात. यूरोपीय आयोगाच्या अंदाजाप्रमाणे संघातील सुमारे ३५ लाख गाड्या दरवर्षी अशा नाहीशा होतात, की त्या मोडल्या गेल्या की परदेशी गेल्या ह्याचा पत्ता लागत नाही. ह्याचे एक कारण जर्मनीच्या नोंदवहीत सापडते. तेथे पूर्वी गाडीची नोंद थांबविण्याचे दोन प्रकार होते, एक तात्पुरता व एक कायमचा, आणि त्यांना वेगवेगळी नावे होती. मार्च २००७ पासून ही दोन्ही नावे जाऊन 'सेवेतून काढणे' अशा अर्थाचा एकच शब्द आला. कारकुनांचे काम हलके झाले. परंतु ज्या गाडीस हा शब्द लागला ती पुन्हा रस्त्यावर येणार आहे, परदेशी गेली आहे, की कायमची संपली आहे, हे त्या शब्दावरून कळेनासे झाले. गाडी आपण कचरा म्हणून टाकलेली नाही, असे मालकाने सांगितले की पुरते. भाषेत एक भेद पुसला गेला की तो मोजण्याचे साधनही जाते, ह्याचे याहून रोकडे उदाहरण मिळणे कठीण.

ह्याच देशाने २००९ साली मंदीच्या काळात, नऊ वर्षांहून जुनी गाडी मोडून नवी घेणारास २,५०० युरोंचे अनुदान दिले. शासनाने त्यास 'पर्यावरण-अनुदान' म्हटले. लोकांनी ते नाव स्वीकारले नाही; ते त्याला 'आबव्राकप्रेमिए' म्हणू लागले. 'आबव्राकेन' हे क्रियापद मूळचे जहाजे मोडण्याच्या धंद्यातले, तेव्हा 'मोडीचे बक्षीस' असा काहीसा त्याचा अर्थ. जर्मन भाषेच्या संस्थेने त्या वर्षीचा विशेष शब्द म्हणून हाच निवडला. लोकांचा शब्द शासनाच्या शब्दापेक्षा अधिक प्रामाणिक होता असे म्हणावे लागते, कारण योजनेचा मुख्य उद्देश नव्या गाड्या खपविण्याचा होता. हॉलंडने निराळा मार्ग धरला. गाडी मोडल्याची, निर्यात झाल्याची वा हस्तांतराची नोंद होईपर्यंत तिचा कर व इतर जबाबदाऱ्या मालकाच्याच मानेवर राहतात. शिवाय १९९५ पासून प्रत्येक नव्या गाडीबरोबर तिच्या भावी मोडणीसाठी आरंभी २५० गिल्डर घेण्यात येऊ लागले. हा उपाय शब्दार्थाच्या वादात शिरतच नाही. नोंद संपविण्याची गरज तो मालकालाच भासवितो.

जपानचा अनुभव सर्वांत बोधप्रद आहे. सेतो अंतर्देशीय समुद्रात तेशिमा नावाचे एक लहानसे बेट कागावा प्रांतात मोडते. तेथील एका धंदेवाइकाने १९७८ साली गांडुळांच्या पैदाशीसाठी म्हणून परवाना मिळविला आणि मोटारी फोडल्यावर उरणारा तोच चिंध्यांसारखा कचरा, वापरलेल्या तेलासह, बोटींनी बेटावर आणून टाकण्यास व जाळण्यास आरंभ केला. रहिवाशांनी तक्रारी केल्या. त्या धंदेवाइकाचे म्हणणे असे, की हा कचरा नव्हेच. ह्यातून धातू काढावयाचा असल्यामुळे तो किंमत असलेला माल आहे आणि आपण तो विकत घेतला आहे. कागदोपत्री ते खरे होते. मालाची किंमत म्हणून तो अल्प रक्कम देत असे आणि वाहतुकीचा खर्च म्हणून तिच्या कितीतरी पट रक्कम घेत असे. प्रांताच्या अधिकाऱ्यांनी 'किंमत असलेला माल' हा शब्द मान्य केला आणि हा प्रकार वर्षानुवर्षे चालू राहिला. अखेर १९९० साली शेजारच्या ह्योगो प्रांताच्या पोलिसांनी छापा घातला. रहिवाशांनी पुढे दहा वर्षे लढा दिला व २००० साली तडजोड होऊन प्रांताच्या राज्यपालांनी त्यांची क्षमा मागितली. त्या बेटावरून उचलून शेजारच्या नाओशिमा बेटावर नेऊन ज्याची विल्हेवाट लावावी लागली तो कचरा व दूषित माती मिळून नऊ लाख टनांहून अधिक भरली. ते काम २००३ मध्ये सुरू झाले आणि कचरा हलविणे २०१७ मध्ये संपले. अधिकाऱ्यांनी एक शब्द जसाच्या तसा मान्य केल्याची ही किंमत होय.

जपानने २००२ साली केलेला व जानेवारी २००५ पासून पूर्णतः अमलात आलेला मोटारींच्या पुनश्चक्रणाचा कायदा ह्या पार्श्वभूमीवर वाचावा. त्याने यूरोपाप्रमाणे धारकाच्या हेतूचा शोध घेण्याचे टाळले आणि किंमतीचा वादही तोडून टाकला. गाडी एकदा 'वापरून संपलेली' म्हणून स्वीकारली गेली की तिला किंमत असो वा नसो, ती कचराच मानली जावी, असे त्याने ठरविले. गाडी विकत घेतानाच मालक मोडणीचे शुल्क भरतो. ते गाडीच्या प्रकाराप्रमाणे साधारणतः काही हजार येनपासून अठरा हजार येनांच्या आसपास असते व एका स्वतंत्र संस्थेकडे ठेव म्हणून राहते. त्यातून वातानुकूलनाचा वायू, फुगणाऱ्या उशा आणि तो निरुपयोगी ढीग ह्या तीन त्याज्य गोष्टींचा खर्च भागतो. ज्या भागांना बाजारात किंमत आहे त्यांची चिंता कायद्याने केलेली नाही. ते काम बाजार करतोच. गाडी एका हातून दुसऱ्या हाती गेली की त्याची नोंद विद्युत्-यंत्रणेत करावी लागते. २००४ साली देशात बेकायदा टाकलेल्या वा अयोग्य रीतीने साठविलेल्या गाड्यांची संख्या सुमारे २ लाख १८ हजार होती. पुढे ती दहा हजारांच्या खाली आली.

जपानी बोलीत मोडक्या गाडीला 'पोन्कोत्सु' म्हणतात. हा शब्द हातोड्याच्या ठोक्यांच्या आवाजावरून आला असे सामान्यतः मानले जाते, आणि हिरोयुकी आगावा ह्यांच्या त्याच नावाच्या वृत्तपत्रीय कादंबरीने तो १९६० च्या सुमारास सर्वतोमुखी झाला. मोडणीचा ध्वनीच वस्तूचे नाव व्हावा, ह्यात त्या काळच्या टोकियोतील गल्ल्यांचे चित्र उभे राहते.

अमेरिकेत वाहनांच्या मोडणीचा असा एकछत्री संघीय कायदा नाही. गाड्या फोडणारी अजस्र यंत्रे मात्र तेथेच प्रथम प्रचारात आली आणि बाजाराच्या बळावर तेथील फार मोठ्या संख्येने गाड्या मोडल्या जातात. नियमन होते ते मालकीच्या दाखल्याद्वारे. गाडीच्या दाखल्यावर राज्य सरकार 'सॅल्व्हेज', 'जंक', 'रीबिल्ट' अशा शब्दांचे शिक्के मारते, आणि त्या शिक्क्याने गाडीचा पुढचा प्रवास ठरतो. ('जंक' हा शब्द मुळात जहाजावरील जुन्या दोरखंडाचे तुकडे ह्या अर्थाचा, मोटारींच्या धंद्यात जहाजांचे शब्द फार.) परंतु राज्याराज्यांचे शब्द सारखे नसल्यामुळे शिक्का बसलेली गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन तेथे नवा, कोरा दाखला मिळविण्याची युक्ती निघाली. तिला तेथे 'दाखला धुणे' म्हणतात. १९९२ च्या कायद्याने सर्व राज्यांच्या दाखल्यांची एक राष्ट्रीय सूची निर्माण करण्याचे ठरले ते प्रामुख्याने ह्याच कारणाने. २००९ च्या अनुदान-योजनेत अमेरिकेने सुमारे ६ लाख ७७ हजार गाड्या मोडीत काढल्या, तेव्हा शब्दावर विश्वासच ठेवला नाही. प्रत्येक गाडीच्या यंत्रात सोडियम सिलिकेटचे द्रावण ओतून, ते यंत्र चालवून, कायमचे जाम करणे बंधनकारक केले.

चिनी भाषेतील 'बाओफेई' ह्या संज्ञेचे दोन घटक आहेत, 'कळविणे' आणि 'निरुपयोगी'. निरुपयोगी म्हणून वर्दी देणे असा तिचा अर्थ. मराठी 'निर्लेखना'चे हे जवळचे भावंड होय. तेथील २००१ च्या नियमांप्रमाणे अशा गाडीचे एंजिन, गिअरपेटी, सुकाणू-यंत्रणा, आस व सांगाडा हे पाच मुख्य भाग धातू म्हणूनच वितळवावे लागत. नगावर विकण्यास बंदी होती. २०१९ च्या नव्या नियमांनी, योग्य असल्यास ते भाग नवनिर्मितीसाठी कारखान्यांस विकण्याची मोकळीक दिली.

ह्या सर्व देशांचे कायदे एका ठिकाणी दुबळे पडतात, आणि ते ठिकाण म्हणजे बंदर. 'वापरलेली गाडी' हा व्यापारी माल आहे. 'आयुष्य संपलेली गाडी' हा कचरा, व त्याच्या परदेशगमनावर कडक निर्बंध आहेत. धक्क्यावर उभी असलेली गाडी मात्र एकच. जपानमध्येही गाडी 'जुनी' म्हणून निर्यात झाली की मोडणीसाठी ठेवलेले शुल्क परत मागता येते. यूरोपात २०११ साली राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी ह्या दोन शब्दांतील सीमा ओळखण्याची लक्षणे ठरविली: गाडी कापलेली आहे काय, जळालेली आहे काय, तिची तपासणी कित्येक वर्षे झाली नाही काय. परंतु ती केवळ मार्गदर्शक होती. म्हणून आयोगाने २०२३ च्या जुलैत मांडलेल्या नव्या नियमांच्या प्रस्तावात ही लक्षणे बंधनकारक करण्याची आणि रस्त्यावर चालण्यास अपात्र असलेल्या गाडीची निर्यात थांबविण्याची तरतूद केली.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१५ ते २०१८ ह्या काळात १ कोटी ४० लाख वापरलेल्या हलक्या गाड्यांची निर्यात झाली. यूरोपीय संघ, जपान व अमेरिका हे मुख्य निर्यातदार, आणि गाड्यांचा सर्वांत मोठा वाटा आफ्रिकेत गेला. त्याच वर्षी हॉलंडच्या शासकीय तपासनिसांनी आपल्या बंदरांतून आफ्रिकेकडे निघालेल्या गाड्या पाहिल्या, तेव्हा बहुसंख्य गाड्यांपाशी तपासणीचा चालू दाखलाही नव्हता. नायजेरियात ह्या गाड्यांना 'तोकुन्बो' म्हणतात. योरुबा भाषेत हे माणसाचे नाव आहे. समुद्रापार जन्मून घरी आलेल्या मुलास ते ठेवतात. जी वस्तू एका बंदरात कचरा ठरण्याच्या उंबरठ्यावर होती तिला दुसऱ्या बंदरात परदेशातून आलेल्या लेकराचे नाव मिळते. हा केवळ विनोद नव्हे. घेणाऱ्याच्या दृष्टीने ती गाडी खरोखरच कामाची असते, तिच्यावर एखाद्याचे कुटुंब पोसते. प्रश्न एवढाच, की तिचे खरे आयुष्य जेव्हा तेथे संपते, तेव्हा तिच्या मोडणीसाठी जपानात वा हॉलंडात ठेवलेला पैसा तिच्याबरोबर आलेला नसतो.

भारतात ह्या धंद्याची वस्ती पूर्वीपासून नियमाबाहेर आहे. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट ह्या बाजारांत गाडी हातांनी उतरविली जाते, आणि प्रत्येक भागाचे गिऱ्हाईक ठरलेले असते. भाग वाया जाऊ न देण्याच्या बाबतीत ह्या कारागिरांची बरोबरी कोणतेही यंत्र करणार नाही. तेथे वजनावर जाण्याआधी प्रत्येक वस्तू नगावर विकण्याची पराकाष्ठा होते. परंतु तेल जमिनीत मुरते, बॅटरीचे शिसे उघड्यावर वितळविले जाते, आणि त्याचा धूर प्रथम त्या कारागिराच्याच छातीत जातो. मोड व निर्लेखन ह्यांच्यातील अंतराचा दुरुपयोगही होतो. मीरतमधील सोतीगंजचा बाजार चोरीच्या गाड्यांचे भाग विकण्याबद्दल कुप्रसिद्ध झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद पाडला.

केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये नोंदणीकृत मोडणी-केंद्रांचे नियम केले. त्यांतील व्याख्या वर पाहिलेल्या देशांपेक्षा वेगळ्या वळणाची आहे. तीत एका क्रियापदाऐवजी अनेक दारे आहेत: ज्याची नोंदणी वैध राहिली नाही, जे स्वयंचलित तपासणी-केंद्रात अपात्र ठरले, ज्याची नोंदणी रद्द झाली, ज्याविषयी न्यायालयाने आदेश दिला, किंवा ज्यास मालकाने स्वतःच टाकाऊ म्हणून घोषित केले, असे वाहन. शेवटचे दार विशेष लक्ष देण्यासारखे आहे, कारण येथे मालकाच्या उद्गारालाच कायद्याने निर्णायक मानले आहे. दिल्लीत मात्र वेगळीच कसोटी लावण्यात आली, ती वयाची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशांनी व २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने दहा वर्षांहून जुनी डिझेलची आणि पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोलची गाडी तेथे चालविण्यास मनाई झाली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला, कारण नीट राखलेली गाडी केवळ जन्मतारखेवरून मृत ठरविणे लोकांस पटले नाही. त्यातील कित्येक गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत गेल्या व तेथे पुन्हा सर्वस्वी वैध झाल्या. तोकुन्बोचीच गोष्ट, फक्त समुद्र न ओलांडता.

पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित केलेले व १ एप्रिलपासून अमलात आलेले नियम आणखी एक पाऊल टाकतात. वाहन-उत्पादकाने पूर्वी बाजारात आणलेल्या वाहनांतील पोलादाच्या ठराविक हिश्श्याइतक्या पोलादाच्या पुनश्चक्रणाची जबाबदारी त्याने घ्यावी. हा हिस्सा आरंभीच्या वर्षांसाठी ८ टक्के आहे. उत्पादकाचे उत्तरदायित्व येथे गाड्यांच्या संख्येवर न मोजता पोलादाच्या वजनावर मोजलेले आहे. ह्यात हिशेबाची सोय आहे, पण एक उणीवही. वजनाच्या कसोटीस पोलाद उतरते. वायू, उशा व चिंध्यांचा ढीग, ज्यांच्यासाठी जपानने आपला सारा कायदा रचला, ते पोलादाच्या तराजूत दिसत नाहीत. त्यांच्यासाठी मोडणी-केंद्रांवर घातलेल्या स्वतंत्र अटींवर व त्यांच्या तपासणीवर विसंबावे लागते. त्या केंद्रांपर्यंत गाडी पोहोचावी म्हणून २०२१ च्या नियमांनी 'ठेव-प्रमाणपत्र' देण्याची व्यवस्था केली आहे. ते दाखविल्यास नव्या गाडीच्या नोंदणीशुल्कात व करात सवलत मिळते आणि ते दुसऱ्यास विकताही येते. कुर्ल्याचा दुकानदार मालकास रोख पैसे देतो. केंद्र रकमेबरोबर हा कागद देते. दोहोंत मालक काय पसंत करील, हे त्या कागदाच्या बाजारभावावर ठरणार.

मोड व निर्लेखन एकत्र बांधण्यासाठी ह्या नियमांनी योजलेला उपाय फार जुन्या पद्धतीचा आहे. गाडी मोडल्याचे प्रमाणपत्र दिल्यानंतरही, जिच्यावर चासीचा क्रमांक ठोकलेला असतो ती पट्टी कापून केंद्राने सहा महिने सुरक्षित ठेवावयाची असते. बाकी सर्व गाडी वजनावर जाते. तेवढा तुकडा त्या मुदतीपर्यंत नग म्हणून कपाटात राहतो.